वरचे तेरा हजार

रविवारी संध्याकाळी सव्वासात वाजता लक्ष्मीच्या देवळावरच्या कर्ण्यातून गुंडू नावगेकरचा आकडा पुकारला गेला. चौतीस हजार.

मारुती तरळे तेव्हा दारात बसून मोटरसायकलची चेन पुसत होता. त्याचा आकडा दोन दिवसांपूर्वीच गावानं ऐकला होता. एकवीस हजार. गुंडू आणि तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या एकाच कारखान्यात कामाला आहेत. मशीन शेजारीशेजारी, दोन्हींवर पंपाच्या बॉड्या निघतात. नोकरीला दोघं एकाच दिवशी लागले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. रोज सकाळी एकाच गाडीवरून जातात. एक आठवडा याची, एक आठवडा त्याची.

मारुतीची बायको मंजुश्री बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"चौतीस म्हणाले न्हवं?"

"व्हय."

"तुमी दोघं एकाच दिवशी लागलासा की."

ओव्हरटाइमचे असतील, असं मारुती म्हणाला. ओव्हरटाइम तुमी करत न्हाईसा काय, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

गाव पिरनवाडीच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत आहे. लक्ष्मीची यात्रा एकोणीस वर्षांनी भरायची होती आणि खर्च मोठा होता. शेतकऱ्यांनी एकरावर पट्टी द्यावी, नोकरदारांनी एका महिन्याचा हातात पडणारा पगार द्यावा, असं पंच कमिटीनं ठरवलं. कुणी कमी सांगू नये म्हणून अट घातली: देवीसमोर उभं राहायचं, हातात देवीच्या हळदीचा भंडारा घ्यायचा आणि मग आकडा बोलायचा. संध्याकाळी कमिटीचे केदारी आप्पा तो नावासह पुकारत. देणगी पुकारायची पद्धत इथं जुनीच आहे. पण या वेळी देणगी म्हणजेच पगार होता. सगळ्या गावाचे पगार सगळ्या गावाला कळणार, हे पहिली काही नावं पुकारून होईपर्यंत कमिटीतल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पंधरा दिवसांत गावातलं बोलणं बदललं. सरकारी शाळेतल्या मास्तरांचा आकडा ऐकल्यावर त्यांना चहा पाजणं लोकांनी बंद केलं. आता मास्तरांनीच पाजावा, असं ठरलं. खासगी दवाखान्यात नर्स असलेल्या रक्षाला साडेनऊ हजार मिळतात हे कळलं, तेव्हा तिच्याकडून फुकट बीपी बघून घेणाऱ्या बायका आठवडाभर गप्प होत्या. पुण्याला कंपनीत असलेला मनुबाईचा पोरगा आदर्श गावात लाखाच्या पगाराचा म्हणून धरला जात होता. त्याचे सव्वीस हजार निघाले. "भंडारा हातात हुता म्हणून सव्वीस," गिरणीवर कुणीतरी म्हणालं, "न्हाईतर औंदा दीड लाख झालं असतं." मनुबाई त्या दिवसापासून दळण खालच्या गिरणीला नेते.

हे सगळं चेष्टेवारी चाललं होतं. चौतीसवर चेष्टा थांबली. मास्तरांचा पगार सरकारचा, गावातल्या फौजीचा दिल्लीचा. त्यांच्याशी कुणी बरोबरी करत नव्हतं. गुंडू काय काम करतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, कारण नेमकं तेच काम करणारा माणूस त्याच गल्लीत राहत होता.

जेवणाआधी मारुती केदारी आप्पांकडे गेला. ऐकण्यात काही चूक झाली असेल, किंवा गुंडूनं आईच्या नावानं जास्तीचे घातले असतील, अशी त्याची समजूत होती. आप्पा म्हणाले, मीसुद्धा तेच विचारलं. गुंडूनं नाही म्हणून सांगितलं. पगारच तेवढा आहे.

"भंडारा घेऊन लई वेळ हुबा हुता," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं, भक्ती हाय."

सोमवारी गाडी गुंडूची होती. पिरनवाडी क्रॉसच्या फाट्यावर ट्रकच्या मागे थांबावं लागलं, तेव्हा मारुतीनं मागून विचारलं.

"कवा वाढवलं तुझं?"

"झाली की तीन वर्सं."

"मला सांगितलास न्हाई."

"तू इचारलास न्हाई."

ट्रक हलला. मंगळवारपासून मारुती बसनं जाऊ लागला.

मंगळवारीच जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसात गेला. एचआरचे साहेब धारवाडकडचे. मराठी चांगलं बोलतात, पण तोलून. मारुतीनं त्यांना सांगितलं की तो पगारवाढ मागायला आलेला नाही. शेजारच्या मशीनला जे मिळतं तेवढं आपल्याला मिळावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. शेजारच्याचा पगार तुला कसा कळला, असं साहेबांनी विचारलं. देवळात कळला, असं मारुती म्हणाला. साहेबांना ते उमगलं नाही. त्यांनी त्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं: यात्रा, भंडारा, कर्णा. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मशीनचा पगार तुम्हा दोघांना एकच आहे, मारुती. एक रुपयाचा फरक नाही."

"मग त्याचे वरचे तेरा हजार?"

"ते कशाचे, ते त्याला विचार."

मारुती मशीनवर परत आला. पार्ट बसवला, मशीनचं दार ओढलं, बटन दाबलं. पाण्याचा फवारा काचेवर आदळायला लागला. पलीकडे गुंडू तसाच पार्ट बसवत होता. तीन वर्षं, असं तो म्हणाला होता.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसवरून शेडमध्ये काम मंद करायचं ठरलं होतं. बैठक गुंडूच्या घरामागच्या गोठ्यात झाली, गाव आडबाजूला म्हणून. बैठकीत सगळ्यांत जास्त बोलला मारुती. त्याचा धाकटा भाऊ भरमू तेव्हा त्याच शेडमध्ये कामाला होता. तो एका कोपऱ्यात बसून होता, त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. पुढच्या सोमवारी गेटवर पाच जणांना अडवलं आणि घरी जायला सांगितलं. त्यांत भरमू होता. मारुती नव्हता. ते नशीब म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

नावं कुणी पुरवली, याचा शोध शेडमधल्याच शामूवर येऊन थांबला. त्या आठवड्यात तो दोनदा ऑफिसात गेला होता. बापाच्या ऑपरेशनसाठी उचल मागायला गेलतो, असं तो सांगत राहिला. कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना, मारुतीही बसेना. पावसाळ्याच्या आत शामू गोव्याला निघून गेला. भरमूला नंतर बेळगावातल्या कुठल्याच शेडमध्ये घेतलं नाही. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करतो, तिथंच राहतो, शनिवारी येतो आणि रविवारी जातो. अंगाचा वास जात नाही म्हणून जेवताना मारुतीच्या पोरांपासून लांब बसतो.

त्या दुपारी मारुतीच्या दोन बॉड्या वाया गेल्या. सुपरवायझरनं तब्येत विचारली.

पुढचे दोन दिवस त्यानं मंजुश्रीला काही सांगितलं नाही. बोलायचं तर नोकरी जाणार, हे उघड होतं. पाच नावं ज्यानं दिली त्याला सहावं देणं जड नव्हतं. थोरला ओमकार डिप्लोमाला होता, धाकटी दहावीला, आणि घरात पगार एकच येत होता. न बोलावं, तर शनिवारी भरमू येऊन समोर जेवायला बसणार होता.

गुरुवारी संध्याकाळी तो गुंडूकडे गेला. गुंडूची आई बायाक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. "ये रं मारुती, च्या ठेवतो," म्हणून ती उठली. गुंडू मागं गोठ्यात होता. मारुती तिथं गेला.

"आकडा कमी सांगायला काय झालतं तुला?" तो म्हणाला. "एकवीस म्हटला असतास, तर कुणाला कळणार हुतं?"

"हातात भंडारा हुता."

"पाच पोरं गेटवर हुबी हुती, तवा काय हुतं हातात?"

गुंडूनं म्हशीपुढचा कडबा पायानं सारखा केला. त्यानं नाकबूल केलं नाही. काय म्हणतोस, असंसुद्धा विचारलं नाही.

"तुमच्याम्होरं खोटं बोललो मी," तो म्हणाला. "तिच्याम्होरं न्हाई बोलणार."

"म्हंजे आमी हलके."

"तसं समज."

भरमूनं काय केलं होतं, असं मारुतीनं विचारलं. काही नाही, असं गुंडू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. कुठल्या पार्टला कुठलं टूल लागतं, हे सांगावं तसा तो सांगत होता.

"त्यांस्नी पाच पायजे हुती. बोललेलास तू. तुमच्या घरातलं एक जाणारच हुतं. तुला दोन पोरं, तो सडा. म्हणून त्याचं दिलो." मग म्हणाला, "तीन वर्सं तू खातोस ती भाकरी मी ठेवलेली हाय, मारुती. भरमूला सांगणार असशील तर हेबी सांग."

बायाक्का कपबशी घेऊन आली. मारुतीनं ती घेतली आणि गोठ्याच्या भिंतीवर ठेवून दिली. "का रं, साखर कमी पडली व्हय?" असं तिनं पाठीमागून विचारलं, तेव्हा तो अंगणात पोचला होता.

शनिवारी भरमू आला. मारुतीनं त्याला देवळामागच्या मोकळ्या जागेत नेऊन सांगितलं. नावं गुंडूनं दिली आणि त्याचे पैसे त्याला महिन्याला मिळतात, एवढं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. भरमू आरडाओरडा करेल, गुंडूच्या दारात जाईल, असं त्याला वाटलं होतं. भरमूनं फक्त विचारलं की रविवारी सकाळी कमिटी देवळात बसते का.

सकाळी तो तिथं गेला. माझाही आकडा घ्या, हमालीचे जे होतात ते मी भंडारा घेऊन सांगतो, पण त्याआधी गुंडूअण्णाला बोलवा, असं त्यानं केदारी आप्पांना सांगितलं. आप्पांना ते पसंत नव्हतं. यात्रा तोंडावर असताना गावात भांडण नको, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"भांडत न्हाई आप्पा," भरमू म्हणाला. "त्यानं चौतीस सांगितलं, तुमी पुकारलासा. चौतीस कशाचं, एवढं इचारायचं हाय."

तोवर माणसं जमली होती. निरोप गेला. गुंडूनं आजारी असल्याचं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तो आला. पायातलं पायरीवर काढलं आणि कुणी सांगायच्या आधी त्यानं ताटातला भंडारा उचलला.

"एकवीस मशीनचं," तो म्हणाला. "तेरा, शेडमध्ये काय बोलणं चाललंय ते वर सांगायचं."

"पाच नावं?" भरमूनं विचारलं.

"मी दिलो."

शामूचं काय, असं गर्दीतून कुणीतरी विचारलं. शामूचा काही संबंध नव्हता, असं गुंडूनं सांगितलं. मग कुणीही विचारलेलं नसताना तो मारुतीकडे वळला.

"पाचातलं एक नाव ह्याचं हुतं. ते ठेवून घेतलो आन् बदली भरमूचं दिलो. त्याला ठावं हाय. बेस्तरवारी गोठ्यात सांगितलो मी."

भंडारा त्यानं कपाळाला लावला, चप्पल घातली आणि निघून गेला. त्याच्या अंगावर कुणी धावून गेलं नाही. सगळे मारुतीकडे बघत होते.

"अण्णा, हे सांगितलास न्हाईस," भरमू म्हणाला.

मारुती म्हणाला, सांगणार होतो. भरमूनं मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. आपला आकडा न सांगताच तो पायऱ्या उतरला. घरी मंजुश्रीनं त्याच्यासाठी मटण शिजवलं होतं. तो घरी आला नाही. क्रॉसपर्यंत चालत गेला आणि दुपारच्या बसनं निपाणीला गेला. त्याची कपड्यांची पिशवी खुंटीला राहिली.

कमिटीत त्यानंतर बराच वेळ वाद झाला. गुंडूचे पैसे परत करावेत, असं निम्म्यांना वाटत होतं. तेरा परत करून एकवीस ठेवावेत, असंही एकानं सुचवलं. देवीसमोर ठेवलेलं माघारी देत नाहीत, असं केदारी आप्पा म्हणाले, पण ते पैसे मांडवाच्या खर्चात धरायलाही त्यांनी मनाई केली. ते कपाटात वेगळे ठेवले आहेत.

त्या रात्री मंजुश्री जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "भावजीस्नी तरी खरं सांगायचं हुतं." मारुतीनं ताट अर्धं ठेवलं.

सोमवारी गुंडू कामावर आला नाही. रजा टाकली आहे, असं सुपरवायझर म्हणाला. शेडमध्ये आजूबाजूच्या गावांची पोरं आहेत, त्यामुळे देवळातलं बोलणं पहिल्या चहाच्या आत सगळीकडे पोचलं होतं. काहींनी मारुतीच्या पाठीवर थाप मारली. काहींनी मारली नाही. शामूचा गोव्यातला नंबर कुणाकडे आहे का, अशी विचारणा चालू होती.

बुधवारी साहेबांनी मारुतीला बोलावलं. या वेळी त्याला खुर्ची दिली आणि चहा मागवला. ऑफिसला शेडच्या बाजूनं काच आहे.

साहेब म्हणाले की त्याची तक्रार योग्य होती. शेजारीशेजारी काम करणाऱ्यांत एवढी तफावत नको, हे वरच्यांनाही पटलं आहे. पुढच्या महिन्यापासून त्याला चौतीस हजार मिळतील.

"काम?" मारुतीनं विचारलं.

"काम मशीनचंच."

"मशीनचं एकवीस हाय, असं तुमीच म्हटलासा."

साहेबांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "वरचं सावकाश बघू. मोठं काही नसतं ते. कधी पाच मिनिटं येऊन बसायचं." मग ते म्हणाले, "तूच मागितलेलंस ना? तेव्हा मी तर तुला बोलावलं नव्हतं."

गुंडूअण्णाचं काय होणार, असं मारुतीनं विचारलं. त्याचा आता इथं काही उपयोग नाही, असं साहेब म्हणाले. मग दुसरी गोष्ट त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितली: तीन वर्षांपूर्वीच्या बैठकीत कोण किती बोललं होतं, हे ऑफिसला तेव्हापासून ठाऊक आहे. सोमवारपर्यंत विचार कर, एवढं बोलून त्यांनी फोन उचलला.

मारुतीनं चहा घेतला की नाही, याबद्दल शेडमध्ये दोन मतं आहेत. काचेतून त्याची पाठ दिसत होती.

बाहेर पडल्यावर तो पाण्याच्या टाकीपाशी गेला. तिथं चौघेजण बोलत उभे होते. शामूचा नंबर मिळाला होता आणि फोन कुणी करायचा, यावर त्यांचं चाललं होतं. मारुती जवळ आला तसं बोलणं थांबलं.

"पाणी गार हाय आज," एकजण म्हणाला.

"व्हय, लई गार हाय," दुसरा म्हणाला.

मारुतीनं पेला भरला. चौघेही तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबले. पेला पालथा ठेवून तो मशीनकडे गेला, तेव्हा पाठीमागं ते पुन्हा बोलायला लागले, पण हळू.

शनिवारी शेवटची बस येऊन गेली. भरमू आला नाही. त्याचा फोन वाजतो, तो उचलत नाही. साहेबांना सोमवारी काय सांगायचं, हे मारुतीनं ठरवलं आहे की नाही, ते कळायला मार्ग नाही. चौतीस हजारांचं त्यानं मंजुश्रीला अजून सांगितलेलं नाही.